पायांची समजूत

आई, तुझं बरोबर होतं. हे आधी लिहून टाकते, कारण मी मुद्द्यावर येईपर्यंत तू नेहमी चार कामं उरकून आलेली असायचीस, आणि नेमकं हेच वाक्य तुझ्या कानावर पडायचं राहून जायला नको. तापात पाय गरम ठेवायचे असतात. कपाळावर गार पाण्याची घडी आणि त्याच वेळी पायात लोकरीचे मोजे, हा तुझा जो अजब कारभार होता, ज्याला मी चार बायकांदेखत हसले होते, तो बरोबर होता. काल दुपारी मी तो माझ्या डोळ्यांनी बघितला. आज माझी सुट्टी आहे. सकाळचे नऊ वाजलेत, नवरा शारजात, रोल्ला भागातल्या ऑफिसात गेलाय, लेक तिच्या खोलीत झोपलीय आणि मी अजमानच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसून तुला कागदावर लिहितेय. चहा केला होता, तो तसाच गार झाला. कालपासून मला हे कोणाला तरी सांगायचं होतं. नवऱ्याला गाडीत सांगितलं, तर तो ‘वा, वा’ म्हणाला आणि पार्किंगला जागा शोधायला लागला. यातली सगळी गंमत कळेल असं माणूस एकच होतं, आणि त्याला जाऊन एकवीस वर्षं झाली.

तू गेलीस तेव्हा मला नर्स होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. आता मी शारजाच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत असते. सोळा वर्षं झाली इथे येऊन, आणि नव्या पोरी मला घाबरतात असं ऐकून आहे. आमच्याकडचे बरेचसे पेशंट औषध देऊन गुंगीत ठेवलेले असतात. घशात नळी, नळीला व्हेंटिलेटर, जागेपणी कोण सहन करेल? अशा माणसाला ताप आला की सगळी पंचाईत होते. एरवी तापातलं माणूस कण्हतं, पाणी मागतं, पांघरूण ओढून घेतं नाहीतर लाथाडून देतं. गुंगीतलं माणूस यातलं काही करत नाही. त्याला हुडहुडी भरली तरी ते मोजे मागू शकत नाही. ते त्याच्या वतीने आम्ही ओळखायचं. जबड्यावर, मानेवर, छातीवर तळवा ठेवायचा, तिथे बारीक थरथर लागते, दाराबाहेर ट्रकचं इंजिन चालू असलं की खिडकीला लागते तशी. आणि सगळेच ताप आम्ही उतरवतो असंही नाही बरं का. ताप अंगाच्या कामाचा असतो. तू म्हणायचीस ना, ‘येऊ दे जरा, अंग झाडून निघेल’, तसंच आमचे डॉक्टरही पुष्कळदा म्हणतात, फक्त इंग्रजीत. पण मेंदूला इजा झालेली असेल तर मात्र ताप परवडत नाही. तिथे अर्ध्या अंशासाठी आम्ही हात धुऊन मागे लागतो.

मला तो मोज्यांचा जोड अजून डोळ्यांसमोर दिसतो. बाबांनी बोटीवर नोकरीला असताना आणलेला, करडा, गुडघ्यापर्यंत येणारा, आणि टाचेला तू निळ्या दोऱ्याने रफू केलेला. वसईत लोकरीचे मोजे! वर्षभर ते पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्यांबरोबर पडून असायचे आणि घरात कोणाला ताप आला की बाहेर निघायचे. मी चौथीत आहे. स्वयंपाकघरात चटई टाकून तू मला तिथेच झोपवलंयस, कारण तुला चूलही बघायचीय आणि मलाही. पातेल्यात पाणी, पाण्यात चिमूटभर मीठ, बाबांच्या जुन्या लुंगीची फाडलेली पट्टी. बोंबील साफ करता करता तू उठतेस, हात राखेने खसखसून धुतेस, माझ्या कपाळावरची घडी बदलतेस, तरी तुझ्या हाताला बोंबलाचा वास येतोच. मग चटईच्या दुसऱ्या टोकाला जातेस आणि मोज्यात बोटं घालून बघतेस. डोक्याशी गार आणि पायाशी गरम! मी विचारते, ‘आई, एकीकडे थंड आणि एकीकडे गरम कशाला?’ तू म्हणतेस, ‘पायांना वाटतं थंडी पडलीय. ते वर निरोप धाडतात, अजून पेटवा, अजून पेटवा. आधी पायांची समजूत काढायची. मग ताप ऐकतो.’ एवढं सांगून तू पुन्हा बोंबलांकडे वळतेस. मी मोज्यातली बोटं हलवून बघते, ती खरंच माझ्यापेक्षा वेगळी कोणीतरी असावीत तशी.

मग मी शिकले आणि शहाणी झाले. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना नाताळच्या सुट्टीत घरी आले होते. शेजारच्या बायका आपल्याकडे करंज्या भरायला बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीची मुलगी तापली होती आणि तू हातातली करंजी ठेवून पेटीतून मोजे काढायला उठलीस. झालं, मी सुरू. तापात अंगावरचं सगळं काढायचं असतं, गरम कपड्यांनी ताप कोंडतो, हे मोजे म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा आहे, आमच्या पुस्तकात असं कुठेही नाही. आणि वर हसले. तू शांतपणे विचारलंस, ‘तुझ्या पुस्तकाला ताप आला होता का कधी?’ बायका इतक्या हसल्या की सारण सांडलं. तेव्हा तू जिंकलीस, पण नंतर मागच्या दारी मला एकटीला गाठून जे बोललीस ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ‘खूप शीक. माझ्याहून जास्ती शीक. पण चार बायकांत मला खुळी ठरवू नकोस. पुस्तकात नाही म्हणजे खोटंच असं नसतं, लिहायचं राहिलं असेल कोणाचं तरी.’ मी तोंड वाकडं करून आत गेले. मला तेव्हा वाटलं होतं, हिला काय कळतंय.

आई, आता ते लिहिलंय! आमच्या आयसीयूत पेशंटचं अंग मशीननं थंड ठेवायचं असतं तेव्हा एक फॉर्म भरावा लागतो, त्यावर हुडहुडी थांबवायच्या पायऱ्या एकाखाली एक छापलेल्या असतात. पॅरासिटामॉल, मग मॅग्नेशियम, आणि तिसऱ्या ओळीत, हात आणि पाय गरम ठेवावेत. तिसऱ्या ओळीत! वरखाली सगळी औषधं, आणि मध्ये तुझे मोजे. ट्रेनिंगला आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं होतं की हातापायांची कातडी मेंदूला बाहेर किती थंडी आहे ते कळवत असते. ती गरम ठेवली की मेंदू थरथर करायचं सोडून देतो, मग मधलं अंग निवांत थंड करता येतं. मी तिथे वही उघडी टाकून बसले होते. त्यांनी ‘निरोप धाडतात’ एवढंच काय ते म्हटलं नाही.

आता कालचं सांगते. सात नंबरच्या बेडवर कोल्हापूरकडचा एक माणूस आहे, चाळिशीचा, एसी दुरुस्त करणारा. तीन दिवसांपूर्वी भर दुपारी एका बिल्डिंगच्या गच्चीवर काम करताना त्याचं हृदय बंद पडलं. बरोबरच्या दोघांनी ॲम्ब्युलन्स येईपर्यंत छाती दाबत ठेवली, म्हणून तो आमच्यापर्यंत पोचला. हृदय पुन्हा सुरू झालं, अडकलेली नस मोकळी केली, पण मधल्या वेळात मेंदूला किती त्रास झाला ते कळायला माणूस जागा व्हावा लागतो. तोवर त्याला गुंगीत ठेवायचं आणि ताप चढू द्यायचा नाही. त्याच्या पोटाला-पाठीला आणि मांड्यांना पॅड गुंडाळलेले, त्यातून गार पाणी फिरतं आणि ते पाणी किती गार करायचं ते मशीन स्वतः ठरवतं. त्याची बायको रोल्लात डबे करून देते. मला ‘ताई’ म्हणते. पहिल्या दिवशी ते मशीन बघून म्हणाली, ‘जन्मभर लोकांची घरं गार केली, आता बघा ह्यांनाच एसी लावलाय,’ आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता ओढणी तोंडात कोंबून रडली. तेव्हापासून ती रोज डबे पोचवून येते आणि भेटीच्या वेळात बेडच्या पायथ्याशी उभी राहते. हात कुठे ठेवायचे तेही तिला कळत नसे, इतक्या नळ्या.

काल गुंगीचं औषध कमी करून बघायचं ठरलं होतं. आमचे मोठे डॉक्टर सीरियाचे आहेत, रागीट पण मनाचे चांगले. सकाळी आठला औषध थोडं उतरवलं आणि अर्ध्या तासात जबड्याला थरथर सुरू. मॉनिटरवरची हृदयाची रेघ करवतीसारखी दातेरी दिसायला लागली, अंग तापायला लागलं, मशीनमधलं पाणी वीसवरून घसरत नऊ अंशांवर आलं. म्हणजे मशीन जीव तोडून त्याला गार करतंय आणि तो जीव तोडून पेटतोय. औषध पुन्हा वाढवलं, थरथर थांबली. दहाला पुन्हा कमी केलं, पुन्हा तेच. साडेअकराला तिसऱ्यांदा तेच. डॉक्टर म्हणाले, ‘खलास. आता स्नायू सैल करायचं औषध देऊ आणि पूर्ण झोपवू, दोन दिवसांनी बघू.’ वरवर साधं वाटतं. पण ते औषध दिलं की माणूस बोटसुद्धा हलवू शकत नाही. आत कोणी आहे की नाही ते आणखी दोन दिवस कळणार नाही, व्हेंटिलेटर आणखी दोन दिवस, आणि तिथे प्रत्येक दिवसागणिक छातीत जंतू शिरायची भीती. बायको पायथ्याशी उभी होती. तिला इंग्रजी फारसं येत नाही, पण ‘टू डेज’ तिला कळलं. ‘ताई, म्हंजे हे ओळखतील का न्हाई ते आज बी कळणार न्हाई?’

डॉक्टरांनी फॉर्म हातात घेतला. एकेका ओळीवर पेन टेकवत वाचायला लागले. ‘पॅरासिटामॉल, डन. मॅग्नेशियम, डन. हातपाय गरम, डन.’ मी बाजूला उभी, आणि त्या तिसऱ्या टिकेपुढे माझी सही. आता तुला सांगते आमच्यात ती टिक कशी मारली जाते. खरं तर गरम हवेचं एक मशीन असतं, त्याची हलकी चादर हातापायांवर घालायची. पण आमचं मशीन दोन दिवस ऑपरेशन थिएटरने नेलेलं होतं. मग आम्ही काय करतो, तर साधी चादर पावलांवर नीट ओढून घेतो, ‘झाकलेत’ म्हणजे ‘गरम आहेत’ असं धरून चालतो आणि टिक मारून पुढच्या पेशंटकडे वळतो. सगळ्याच मारतात. परवा सकाळी मी मारली होती, आणि ती एकदा दिसली म्हणून पुढच्या सगळ्यांनी तिसरी पायरी झालेलीच आहे असं समजून खालच्या पायऱ्या चढल्या. मी चादरीखाली हात घातला. आई, पावलं बर्फ होती. आपल्या ओट्याच्या फरशीवर सकाळी हात टेकला की लागतं तशी गार, आणि बोटं आखडलेली.

त्या पावलांना हात लागला आणि मला तुझा शेवटचा ताप आठवला. मी मुंबईहून धावत आले होते, नव्या नोकरीचा ताठा अंगात मावत नव्हता. तू गोधडीत मुटकुळं करून पडली होतीस आणि पायात ते करडे मोजे. मी आल्या आल्या गोधडी ओढली, मोजे ओढून काढले, पंखा लावला, फ्रिजमधलं पाणी घेऊन तुझं अंग पुसायला घेतलं. तुझे दात वाजायला लागले. ‘पाय गार पडलेत गं, मोजे दे,’ म्हणालीस. ‘मोजेबिजे काही नाही,’ मी म्हटलं. तू वाद घातला नाहीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण तू आणि वाद न घालता गप्प! तासाभराने ताप आणखी चढलेला होता. दुसऱ्या दिवशी तुला हॉस्पिटलात हलवलं. तो ताप छातीतल्या न्यूमोनियाचा होता, मोज्यांनी तू वाचली असतीस असं मी म्हणत नाही. एवढी अक्कल मला आहे. पण तो एक तास तू कुडकुडलीस आणि तो मी दिला होता, हे तुला माहीत आहे आणि मलाही.

तर काल मी म्हटलं, ‘डॉक्टर, ही टिक खोटी आहे. माझी आहे.’ सगळ्या स्टाफसमोर म्हटलं, बेडशी दोन नव्या पोरी उभ्या होत्या, त्यांच्याही समोर. कानशिलं तापली माझी. डॉक्टरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग चादर उचलून स्वतः पावलाला हात लावला आणि अरबीत काहीतरी पुटपुटले, जे माझ्या कौतुकाचं नक्कीच नव्हतं. ‘सिस्टर, सगळ्यात सोपी पायरी, आणि आपण तीच सोडली?’ मी म्हटलं, ‘मला एक तास द्या.’ त्यांनी घड्याळ बघितलं. ‘यल्ला,’ म्हणजे चला. ‘एक तास. त्यानंतर पॅरलाइझ, नो आर्ग्युमेंट.’

आई, मग मी जी सुटले! थिएटरला फोन केला, ते म्हणाले मशीन संध्याकाळी मिळेल, इन्शाल्ला. संध्याकाळपर्यंत कोण थांबतंय? आमच्याकडे चादरी गरम करायचं कपाट असतं, त्यातल्या चार उचलल्या. एसीत पाय गारठतात म्हणून मी लॉकरमध्ये नेहमी मोजे ठेवते, त्यातला एक कोरा जोड फोडला, हिरवा, जाड, कुरूप. बायको म्हणाली, ‘ताई, माझे घाला की,’ आणि खरंच सँडल काढून स्वतःचे मोजे ओढायला लागली, तिला थांबवलं. त्याच्या पायात हिरवे मोजे चढवले, त्यावरून गुडघ्यापर्यंत गरम चादर गुंडाळली, दोन्ही हातांना कोपरापर्यंत तसंच. चादरी दर दहा मिनिटांनी निवतात, की पुन्हा कपाटाकडे. ती बाई माझ्याकडे बघत राहिली होती. शेवटी न राहवून म्हणाली, ‘ताई, रागावू नका. पण ह्यांचा ताप उतरवायचाय न्हवं? वर गार पाणी फिरवालाय आणि खाली पाय गरम करालाय, ह्ये कसं?’

तो प्रश्न ऐकून मी जागच्या जागी थांबले. चटईवर पडून मी विचारलेला, ज्याचं उत्तर पुढे करंज्या भरणाऱ्या बायकांत मी हसून उडवलं तो प्रश्न, अगदी तोच. आणि माझ्या तोंडून ट्रेनिंगमधलं एक अक्षर निघालं नाही. मी म्हटलं, ‘पायांना वाटतंय थंडी पडलीय. ते वर निरोप धाडतायत, अजून पेटवा म्हणून. आधी त्यांची समजूत काढूया.’ ती म्हणाली, ‘हां, मग बरोबर हाय.’ एवढंच! मी तीन वर्षं कॉलेजात घालवूनही जे मानलं नव्हतं ते तिने एका वाक्यात मानलं. मी तिला म्हटलं, ‘तो हात तुम्ही धरा. चोळू नका, नुसता चादरीतून धरून ठेवा.’ तिने दोन्ही हातांनी धरला. तीन दिवसांत पहिल्यांदा तिला काहीतरी काम मिळालं होतं.

वीस मिनिटं काहीच झालं नाही. दोन्ही नव्या पोरी माझ्याकडे चोरून बघत होत्या आणि मला काय वाटत होतं ते तुला सांगायला नको. मग मशीनमधलं पाणी नऊवरून दहा झालं. मला वाटलं माझेच डोळे फसतायत. अकरा. तेरा. मी जबड्यावर हात ठेवला, थरथर होती, पण तुटक, मध्ये मध्ये विसरल्यासारखी. चाळीस मिनिटांनी मॉनिटरवरची रेघ स्वच्छ झाली, दाते गेले. पाणी सतरावर. डॉक्टर तास संपायच्या आधीच येऊन उभे राहिले, त्यांनी गुंगीचं औषध निम्मं केलं आणि तिथेच हाताची घडी घालून थांबले. आम्ही सगळे त्या माणसाच्या जबड्याकडे बघत होतो. तो हलला नाही. एकला औषध पूर्ण बंद केलं.

मग वाट बघणं. दोन वाजले, अडीच वाजले. मी चादरी बदलत राहिले, एका पोरीने न सांगता कपाटाकडच्या फेऱ्या स्वतःकडे घेतल्या. साडेतीनच्या सुमाराला त्याच्या पापण्या हलायला लागल्या. डॉक्टर वाकून इंग्रजीत म्हणाले, डोळे उघडा. काही नाही. मग मोडक्या हिंदीत. काही नाही. पापण्या हलतात त्याचा अर्थ काहीही असू शकतो, आई, आम्ही अशा पापण्यांवर हुरळून जात नाही. मी बायकोला म्हटलं, ‘तुम्ही बोला. घरी बोलता तसं.’ ती कानाशी वाकली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, ‘अवो, ऐकालाय का? मी हाय. पायाचा अंगठा हलवा बघू.’

हिरव्या मोज्याचं टोक वर आलं. आई, मोजा हलला! सावकाश, झोपेतून उठवलेल्या माणसासारखा कुरकुरत, पण हलला. डॉक्टर म्हणाले, ‘अगेन.’ ती म्हणाली, ‘परत हलवा.’ परत हलला. ‘दुसरा पाय.’ दुसरा मोजा हलला. ‘आता थांबा.’ थांबला! थांब म्हटल्यावर थांबला म्हणजे आत माणूस आहे, ऐकतोय, कळतंय त्याला. डॉक्टर ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. ती बाई मोज्यांवर डोकं टेकून हसत होती की रडत होती ते देव जाणे, आणि मी, सोळा वर्षांची सीनियर, पोरी जिला घाबरतात ती, जागेवर उड्या मारत होते. अजून पुष्कळ बाकी आहे, हे मला कळतं. नळी निघायचीय, तो बोलायचाय, चालायचाय. पण तो तिथे आहे.

संध्याकाळी पुढच्या शिफ्टला हँडओव्हर द्यायच्या आधी मी तो फॉर्म काढला. चुकीची नोंद आमच्यात खोडायची नसते, पांढरी शाई लावायची नसते. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला खरं काय ते लिहायचं आणि सही करायची. परवाच्या टिकेवर रेघ मारली आणि लिहिलं, गरम ठेवले नव्हते. आणि कालच्या तारखेपुढे लिहिलं, गरम ठेवले.

आता लेक उठून बाहेर आलीय. फ्रिजमधून दूध काढता काढता माझ्या खांद्यावरून बघतेय. ‘ममा, हू आर यू रायटिंग टू? ऑन पेपर?’ मी म्हटलं, ‘तुझ्या आजीला.’ ती म्हणाली, ‘बट शी इज...’ आणि माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून एक मिनिट उभी राहिली आणि गेली. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून उरलेलं लिहायला हरकत नाही. हे पत्र टाकायला पेटी नाहीच, त्यामुळे ते घरातच राहील.

तू गेल्यावर तुझे मोजे हरवले असं मी सगळ्यांना सांगितलं. बाबांना सांगितलं, मावशीला सांगितलं, इतकी वर्षं सांगत आले. ती नोंद चुकीची आहे, आई. ते आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहेत, टाचेला तुझा निळा दोरा आहे. तू आयसीयूत होतीस, गुंगीत, घशात नळी, तेव्हा मला दहा मिनिटं आत सोडायचे. त्या दिवशी तुझी पावलं चादरीबाहेर आली होती. मी हात लावला, गार होती. मोजे माझ्या पर्समध्ये होते, मी ते तुझ्यासाठीच घरून आणले होते. पण तिथल्या सिस्टर बघत होत्या, आणि मी नर्स आहे हे त्यांना माहीत होतं. मी तुझ्या पावलांवर चादर ओढली आणि निघून आले. मला लाज वाटली होती.